एकोणनव्वदावा बॉल

धाकलूबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्याच्या बाबतीत जे घडलं त्यात माझाही हात होता, आणि तो हात चांगल्या कामाला लागला होता असं मला म्हणता येत नाही.

मुळशीच्या तळ्याच्या काठी तेव्हा एक लहानसा क्लब होता. पुण्या-मुंबईची मंडळी शनिवार-रविवार मोटारींनी यायची, होड्या वल्हवायची, गळ टाकून बसायची आणि संध्याकाळी आतल्या दालनात पत्ते नाहीतर बिलियर्ड्स खेळायची. १९५६ साली मी तिथे कारकून म्हणून लागलो. सभासदांची पत्रं लिहिणं, खोल्यांची नोंद ठेवणं, आणि अक्षर बरं असल्यामुळे पाट्या रंगवणं, एवढं माझं काम.

दालनात दोन टेबलं होती. एक मोठं, इंग्रजी पद्धतीचं. दुसरं त्याहून लहान, फार वर्षांपूर्वी कुणा अमेरिकन गृहस्थाने आणवलेलं आणि जाताना क्लबाला देऊन टाकलेलं. त्या लहान टेबलावर चालणाऱ्या खेळाला सगळे पूल म्हणत. कॅरम खेळलेल्या माणसाला तो समजायला वेळ लागत नाही. पंधरा रंगीत बॉल आणि एक पांढरा. काठीने पांढऱ्याला मारायचं आणि पांढऱ्याने रंगीत बॉल कडेच्या सहा जाळ्यांपैकी एकीत घालवायचा. चौदा गेले, एक उरला, की ते चौदा परत त्रिकोणात मांडून खेळ पुढे चालू. बॉल जातोय तोवर डाव तुमचा. एक चुकला की काठी खाली ठेवायची. म्हणजे मोजायचं ते इतकंच, की न चुकता सलग किती.

भिंतीवर सागवानी फळा होता. त्यावर सोनेरी अक्षरांत एकेका खेळातला विक्रम, करणाऱ्याचं नाव आणि साल. सगळी नावं साहेबांची आणि सभासदांची. फक्त पूलच्या ओळीत 'गेणबा मार्कर, ८७, १९३१' असं होतं. मार्कर म्हणजे टेबलाशी उभा राहून गुण मोजणारा नोकर. १९३१ साली जो कोणी इंग्रज सेक्रेटरी होता त्याने नोकराचं नाव फळ्यावर लिहवून घेतलं, आणि नंतरच्या कुणी ते काढलं नाही, कारण काढायचं तर आधी विक्रम मोडायला हवा होता. सत्तावीस वर्षांत सत्त्याऐंशीच्या जवळपास कुणी गेलं नाही.

मी पाहिला तेव्हा गेणबा पंचावन्नच्या पुढे होता. उंच, सडपातळ, पितळी बटणांचा खाकी कोट. त्याचं गाव तळ्याच्या पाण्याखाली गेलेलं होतं. घरची माणसं कोळवणकडे सरकली, तिकडे थोडीफार भाताची खाचरं केली, आणि गेणबा इथे क्लबात राहिला. सभासदांसाठी तो इंग्रजीत मोजायचा, 'फॉर्टी वन, फॉर्टी टू'. आपल्या माणसांसाठी मराठीत. त्याची मोजणी कुणी कधी तपासली नाही. दोन सभासदांचं भांडण झालं तर तेच म्हणत, गेणबाला विचारा.

आपली माणसं खेळायची ती पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर क्लब बंद असे. मुळशीचा पाऊस असा, की कपाटातल्या चपलांना बुरशी यायची. टेबलांखाली कोळशाच्या शेगड्या ठेवाव्या लागत, नाहीतर वरचं हिरवं कापड ओल धरून फुगायचं. गेणबाची बायको रत्नाबाई त्या कापडावरून जड इस्त्री फिरवायची, नेहमी एकाच दिशेने. आणि टेबल वापरात राहावं म्हणून त्या चार महिन्यांत गेणबाला खेळायची मुभा होती.

त्या शेगड्यांसाठी वरच्या कातकरवाडीतून कोळसा यायचा. स्वराज्य आलं त्या वर्षी कोळशाचं पोतं घेऊन धाकलू पहिल्यांदा दालनात आला. तेव्हा तो वीसेक वर्षांचा, लग्न झालेला गडी. गेणबाचा एक बॉल जाळीच्या कडेला लागून परत आला. धाकलूने पोतं खाली ठेवता ठेवता सांगितलं, "जरा आल्याड लागला." गेणबाने वळून पाहिलं आणि विचारलं, "तुला काय कळतं?" धाकलू म्हणाला, "गलोल मारतो मी. पाखरू उडून गेलं की कळतं कुटं लागला ते." गेणबाने काठी त्याच्या हातात दिली.

खानसाम्याने कुरकुर केली, की वाडीवरचा माणूस साहेबांच्या टेबलाला हात लावतो. गेणबा त्याला म्हणाला, "तू तुझ्या चुलीपाशी बघ." तिथून पुढे अकरा पावसाळे तो धाकलूला शिकवत राहिला. सेक्रेटरींना सांगून त्याने धाकलूला बॉल मांडायच्या कामाला लावून घेतलं. धाकलू त्याला तात्या म्हणायचा आणि रत्नाबाईंना काकी.

१९५७ चा पावसाळा मी तिथेच काढला. काम फारसं नसल्यामुळे दालनात जाऊन बसायचो. गेणबाच्या उजव्या डोळ्यात तोवर मोतीबिंदू उतरला होता आणि तो स्वतः फार खेळत नव्हता. धाकलू खेळायचा, गेणबा मोजायचा. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण एक गोष्ट लक्षात आली. धाकलू कधी बहात्तरला चुकायचा, कधी अठ्ठ्याहत्तरला, एकदा चौऱ्याऐंशीला. त्याच्या पुढे कधीच नाही. गेणबा म्हणायचा, "दमतंय पोरगं. शेवटाला खांदा पडतो." आणि परत खांदा कसा ठेवायचा ते दाखवायचा.

मी एकदा धाकलूला बाजूला घेऊन विचारलं. त्याने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "कारकून, कुणाला बोलू नका. काकीनं सांगितलंय."

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी रत्नाबाई इस्त्री फिरवत होत्या आणि धाकलू शेगड्या भरत होता. गेणबा बाहेर गेला होता. रत्नाबाई इस्त्री न थांबवता म्हणाल्या, "धाकलू, तू त्यांच्या फुडं जाशील. मला दिसतंय. पण माणूस सकाळी उठून बांदावर चक्कर मारतो तसं हे त्या फळ्यापुढं जाऊन उभं राहत्यात. रोज. त्यांचं तेवढंच हाय रे." धाकलूने "व्हय काकी" म्हटलं. तेवढाच शब्द. पण त्या दिवसापासून ऐंशीच्या घरात शिरलं की तो हात सैल सोडायचा.

मला ते फार चांगलं वाटलं. तसं मी त्याला सांगितलंही.

१९५८ च्या डिसेंबरात क्लबाचा वार्षिक मेळावा होता. मुंबईचे एक पाहुणे आले होते, खेळात नावाजलेले. त्यांनी लहान टेबलावर खेळून दाखवलं आणि चोपन्न बॉल सलग घातले. टाळ्या झाल्या. आमचे सेक्रेटरी कर्नल भरुचा, पारशी गृहस्थ, शिस्तीचे पण मनाने उदार. ते फळ्याकडे बोट करून म्हणाले, "ते बघा. आपला मार्कर. सत्त्याऐंशी केला होता."

पाहुण्यांनी विचारलं, "हे मार्कर आहेत अजून? त्यांचा खेळ बघायला मिळेल?"

गेणबा पुढे आला. "साहेब, माझा डोळा गेला आता. पण माझा धाकलू हाय. त्याचा बघा."

भरुचासाहेबांनी परवानगी दिली. सभासदांसमोर नोकराने खेळायचं ही गोष्ट मी लागल्यापासून क्लबात पहिल्यांदाच होत होती. धाकलू पुढे यायला तयार नव्हता. गेणबाने त्याचा दंड धरून आणलं, स्वतः त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, काठीच्या टोकाला खडू लावून दिला. पाहुण्यांनी पहिला फटका मारून मांडलेले बॉल विखरून दिले आणि धाकलू खेळायला लागला.

पन्नासपर्यंत लोक बोलत होते. चोपन्न ओलांडले तसं बोलणं थांबलं. गेणबा सभासदांच्या समोर असूनही मराठीत मोजत होता, आणि भरुचासाहेबांनी त्याला अडवलं नाही. सत्तरला चौदा बॉल परत मांडले. चौऱ्याऐंशीला परत मांडले. मी खिडकीशी उभा होतो. मागच्या दारात नोकरांच्या बायका गोळा झाल्या होत्या, त्यांत रत्नाबाई होत्या.

पंच्याऐंशी. शहाऐंशी. मला वाटलं, आता सोडेल. गेणबाने "सत्त्याऐंशी" म्हटलं. बरोबरी झाली होती, आणि धाकलू थांबला असता तर दोन्ही नावं फळ्यावर शेजारी शेजारी राहिली असती. मला नंतर त्याने सांगितलं, की अठ्ठ्याऐंशीवा बॉल मुद्दाम सोडायचं त्याने ठरवलं होतं. जागाही बघून ठेवली होती, जाळीच्या कुठल्या कडेला मारायचं ती. "पण वाकलो, आन् पांढरा असा पुढ्यात आला, की हातानं माझं ऐकलं न्हाई. अकरा वरसांत असा बॉल मला आला नव्हता."

बॉल जाळीत गेला. गेणबा म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी."

धाकलूने मान वर केली. त्याला मागच्या दारात रत्नाबाई दिसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मागे सरल्या. पुढचा बॉल उजव्या जाळीच्या अगदी तोंडाशी होता. मलासुद्धा घालता आला असता असा. धाकलू वाकला, त्याने काठी मारली आणि बॉल जाळीच्या कडेला लागून परत टेबलाच्या मध्यावर आला.

सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. पाहुण्यांनी धाकलूचा हात हातात घेतला. दडपण आलं असेल, असं कुणीतरी म्हणालं. गेणबाने पाटीवर ८८ लिहिलं, खडू खाली ठेवला आणि तो शेगडी बघायला म्हणून बाहेर गेला. आत आला नाही.

सोमवारी मला फळ्याचं काम सांगितलं गेलं. फळ्यावर एका खेळाला एकच ओळ. जुनं खरवडायचं, नवं लिहायचं. मी स्टुलावर चढलो. स्टूल डगडगत होतं, ते गेणबाने येऊन धरलं. मी 'गेणबा'मधला 'बा' आधी काढला, मग बाकीची अक्षरं. खालून तो म्हणाला, "नीट खरवडा कारकून. माझा ग राहिला तर त्याचं नाव घाण दिसंल."

महिन्याभरात डोळ्याचं कारण सांगून त्याने नोकरी सोडली. रत्नाबाईंना घेऊन कोळवणकडच्या घरी गेला. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला. धाकलू समोर उभा होता, त्याच्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही. मार्करची जागा धाकलूला मिळाली. पितळी बटणांचा कोट त्याच्या अंगाला लांब व्हायचा.

त्या दिवसांतला धाकलू मला आठवतो तो अंग चोरून वावरणारा. काम चोख करायचा. पण मोजायला उभा राहायचा तो नेहमी फळ्याकडे पाठ करून. एखादा सभासद पाहुण्याला सांगायला लागला की "हाच तो अठ्ठ्याऐंशीवाला", की हा कोळसा आणायला बाहेर. काठीला त्याने हात लावला नाही. त्याची बायको सोनी मला म्हणाली, "जेवाया बसलं की दोन घास खात्यात आन् हात तसाच राहतो. काय विचारलं तर म्हनत्यात, तात्याचं घर खाल्लं मी."

सुट्टीच्या दिवशी तो डोंगर ओलांडून कोळवणला जायचा. एकदा तळ्यातला मासा नेला, एकदा मध नेला. रत्नाबाई वस्तू घ्यायच्या, पाणी द्यायच्या. गेणबा त्याची चाहूल लागली की मागच्या दाराने खाचराकडे निघून जायचा. तीनदा तसंच झालं.

मार्चमध्ये धाकलू माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "कारकून, ते नाव काढता येतं का फळ्यावरनं?"

मी म्हणालो, "कुणी मोडलं तर."

"आन् कुणी न्हाई मोडलं तर?"

इथे माझा हात येतो. मी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं आणि त्याला वाचून दाखवलं. खेळणाऱ्याच्या कपड्याचा बॉलला स्पर्श झाला तर तो फाउल, आणि डाव तिथेच संपला असं धरायचं. त्याने विचारलं, "मंग तसं झालं व्हतं असं मी म्हनलं तर?" मी हो म्हणालो नाही. मी म्हणालो, "तर नोंद रद्द होईल आणि जुनी परत येईल." पुस्तक मिटून ठेवलं. मला काय होणार ते कळत होतं. मला वाटलं, यात सगळ्यांचं भलंच आहे. खरं सांगायचं तर गेणबाचं नाव मीच खरवडलं होतं, आणि ते पुन्हा माझ्याच हाताने लिहायला मिळालं तर मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकलूने भरुचासाहेबांपुढे जाऊन सांगितलं, की साठाव्या बॉलच्या वेळी त्याची बाही पिवळ्या बॉलला लागली होती आणि त्याने ते लपवलं.

साहेब म्हणाले, "तू तीन महिन्यांनी येते आणि सांगते? मार्कर कोण होता तेव्हा? गेणबा. मग गेणबा सांगेल." आणि मला जीप घेऊन कोळवणला पाठवलं.

वाटेत मी गेणबाला सगळं सांगितलं, म्हणजे मला जेवढं सांगावंसं वाटलं तेवढं. फक्त 'व्हय' म्हणायचंय, असंही सुचवलं. तो जीपच्या दांडीला धरून समोर बघत बसला होता.

साहेबांच्या खोलीत धाकलू आधीच उभा होता. साहेबांनी विचारलं, "गेणबा, हा म्हणतो फाउल झाला. तू मोजत होता. झाला?"

"न्हाई साहेब."

"नक्की?"

"त्याच्या बाह्या कोपराच्या वर दुमडल्याल्या व्हत्या. मी दुमडल्या. त्या सुटल्या न्हाईत. पिवळा बॉल साठाव्याला टेबलावर नव्हताच, त्याच्या आधी गेल्याला. अठ्ठ्याऐंशी खरं हायेत."

साहेब धाकलूकडे वळले. "तू खोटं का बोलते?" धाकलू खाली बघत राहिला. साहेबांनी हात उडवला आणि म्हणाले, "जा. परत असं करू नको." माणूस चांगला, त्यांनी पुढे तो विषय काढला नाही. नियमाचं पुस्तक कुणी वाचून दाखवलं हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

व्हरांड्यात धाकलूने गेणबाचे पाय धरले. गेणबाने पाय सोडवून घेतले. "तीस वरसं मोजलं मी हितं. येक आकडा कुणी खोटा पाडला न्हाई. तू पाडाया निघालास. माझ्यासमोर फाउल झाला आन् मला दिसला न्हाई, असं म्हनतोस?" मग त्याने जीपही नाकारली. चालत गेला.

त्यानंतर धाकलू कोळवणला जायचा थांबला. मला म्हणाला, "आदी त्यांचा आकडा घेतला, मग इमान घ्याया गेलो. आता तोंड कसं दावू?" मी त्याला म्हणालो नाही, की ते दुसरं आपण दोघांनी मिळून केलं. म्हणायला हवं होतं.

१९६० च्या जानेवारीत रत्नाबाईंचा निरोप आला. गेणबाला दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात मोतीबिंदू काढायचे होते. मुलगा जयसिंग मुंबईच्या गिरणीत, त्याला रजा मिळत नव्हती. पुरुष माणूस सोबत हवा होता. निरोप माझ्याकडे आला आणि मी तो धाकलूला दिला. तो त्याच दुपारी निघाला.

तेव्हा मोतीबिंदू काढल्यावर माणसाला हलू देत नसत. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि आठवडाभर उताणं पडायचं. भरवायचं, तोंड पुसायचं, भांडं द्यायचं, सगळं दुसऱ्याने. ते सगळं धाकलूने केलं, न बोलता, म्हणजे गेणबाला कळू नये कोण आहे ते. मी रजेवर पुण्याला घरी आलो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायला गेलो. रत्नाबाई पेजेचं भांडं घेऊन दाराशी होत्या. धाकलू गेणबाचे पाय चेपत होता. मी स्टुलावर बसलो.

"धाकलू," गेणबा एकदम म्हणाला.

धाकलूचे हात थांबले. "जी तात्या."

"मला पैल्या दिवशीच कळलंय. कोळशाचा वास येतो तुला. एकोणनव्वदावा कुटं व्हता?"

धाकलू म्हणाला, "उजव्या जाळीच्या तोंडाशी."

"पांढरा?"

"हातभर मागं. सरळ."

"आत्ता माज्या डोळ्यांवर पट्टी हाय. असा बॉल मी या पट्टीत घातला असता. घातला असता का न्हाई?"

"व्हय."

"मंग?"

गेणबा पट्टीआडून छताकडे तोंड करून सावकाश बोलत होता, डोकं हलवायची मनाई असल्यामुळे.

"तुला वाटलं मी आकड्यापायी रागावलो. अठ्ठ्याऐंशी म्हनताना माझ्या अंगावर काटा आला व्हता. वाटलं, हा आता शंभर घालतो. मी तयार केल्याला गडी शंभर घालतोय आन् मी मोजतोय. मला दुसरं काय पायजे व्हतं? आन् तू काय केलंस, मला भीक घातलीस. समद्यांसमोर. कुणाला कळलं न्हाई, पर मला कळणार न्हाई व्हय? तवाच मला मागचं समदं दिसलं. पावसाळ्यात ऐंशीच्या फुडं तुझा खांदा पडायचा. मी म्हनायचो, दमतंय. तासन्‌तास तुला खांदा दावायचो. तू मनात हसत असशील."

"न्हाई तात्या. कदी न्हाई हसलो."

"मंग का सोडायचास?"

मी रत्नाबाईंकडे पाहिलं. त्या भांडं धरून तशाच उभ्या होत्या. धाकलूनेही त्यांच्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलला असता तर त्याच्यावरचं ओझं निम्मं झालं असतं. तो म्हणाला, "चुकलं माझं तात्या." आणि परत पाय चेपायला लागला. रत्नाबाई काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

पेज भरवून झाल्यावर गेणबा म्हणाला, "पट्टी सुटली की मला बघायचंय. खरा खेळ. किती जातोस ते."

त्या पावसाळ्यात तो आला. जाड भिंगाचा चष्मा लावून, काठीच्या आधाराने. महिनाभर क्लबातच राहिला. धाकलूने दीड वर्षाने काठी हातात घेतली. पहिल्या दिवशी एकोणतीस झाले. मग एकेचाळीस, बत्तीस, त्रेसष्ट. गेणबा धीराने मोजायचा. हळूहळू हात परत आला. पण सत्तरच्या पुढे गेला, की चुकायचा. आता मुद्दाम नाही. मी पाहत होतो ना, त्याचा घाम गळायचा, ओठ दाताखाली. खांदा आपोआप पडायचा. इतकी वर्षं त्याने हाताला तिथे सुटायला शिकवलं होतं, आणि हात ते पक्कं शिकला होता.

एकोणऐंशी झाले त्या दिवशी धाकलू टेबलाच्या कडेवर डोकं टेकून उभा राहिला. गेणबा जवळ गेला. मला वाटलं तो चिडेल. त्याने धाकलूच्या खांद्याला हात लावून बघितला, पूर्वी शिकवताना लावायचा तसा, आणि म्हणाला, "आता खरं चुकतोयस. ऱ्हाऊ दे." मग दोघे व्हरांड्यात जाऊन बसले. पाऊस पडत होता आणि तळं दिसत नव्हतं. गेणबा त्याच्याशी बोलायला लागला तो त्या दिवसापासून. पण पूलबद्दल परत नाही.

१९६३ च्या भातकापणीत गेणबा वारला. दहाव्याला रत्नाबाईंनी धाकलूला बाजूला बोलावून विचारलं, "माझं नाव का न्हाई घेतलंस तितं इस्पितळात? माझ्यावर चिडलं असतं, दोन दिसात इसरलं असतं. तुझ्यावरचा राग लई खोल गेला." धाकलू म्हणाला, "तुमी सांगितलं म्हनून मी केलं न्हाई काकी. मला बरं वाटायचं म्हनून केलं. मला वाटायचं, मी त्यांच्यावर उपकार करतोय." हे त्याने मला त्याच संध्याकाळी, जसंच्या तसं सांगितलं. मी पुढच्या वर्षी नोकरी सोडली आणि पुण्यात आलो.

१९६६ साली एका सकाळी तो माझ्या घरी आला, भुगावकडे कुणा नातेवाइकाकडे आला होता म्हणून. केस पिकले होते. चहा झाल्यावर म्हणाला, "फळ्यावरचं नाव गेलं कारकून. मुंबईचा येक सभासद हाय, नवा. एकशे दोन घातले. मीच मोजलं."

मी विचारलं, "कसं वाटलं?"

त्याने कप खाली ठेवला. "अठ्ठ्याऐंशी म्हनलं तवा वाटलं, आता मोकळा व्हतो. एकोणनव्वदावा कठीण व्हता त्याला. लांबचा, कडेला चिकटल्याला. त्यानं घेतला. घातला. कारकून, मी आकडा बोललो आन् मला तात्याच दिसलं, खडू हातात घेऊन वाट बघत असल्यालं. किती गेलो असतो मी त्या दिवशी? शंभर? नव्वद? ते त्यांना बी कळलं न्हाई आन् मला बी. आता कुणालाच न्हाई कळणार."

"मोकळा नाही झालास?"

"न्हाई. नाव गेलं, तेवढंच."

मी त्याच्याशी नियमांच्या पुस्तकाबद्दल बोलणार होतो, निदान तेवढं तरी. तेवढ्यात त्याने कोपऱ्यातली पिशवी उचलली. पौडची दुपारची एसटी चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नव्हती. मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो आणि वाटेत फक्त पावसापाण्याचं बोललो. गाडी भरलेली होती, त्याला मागच्या दाराशी उभं राहायला जागा मिळाली.